घरघंटीला तीनशे कमी

गुढीपाडव्याला ह्यांनी जाहीर केलं, "चिडलो की दर वेळी चिवड्याच्या डब्यात पन्नास रुपये टाकणार. दिवाळीला त्यातून तुला घरघंटी." फ्रिजवरच्या तक्त्यात मी दर पन्नासाला एक चौकोन रंगवत गेले. कधी दिवसाला चार-चार!

नवरात्रात फक्त तीनशे रुपये कमी होते, आणि नेमके तेव्हाच हे शांत झाले. मी चष्मा लपवला, चहात मीठ घातलं, ऐन शेवटच्या ओव्हरला टीव्ही बंद केला. हे आपले हसून म्हणायचे, "असू दे गं."

धनत्रयोदशीला माझाच तोल सुटला. "अहो, माणूस आहात की दगड? चिडा की जरा!"

ह्यांनी शांतपणे डबा माझ्यापुढे धरला. "पन्नास."

"मी का टाकू?" मी किंचाळले.

"शंभर. बोल अजून, दुकान नऊला बंद होतं."