खारट सॉसचा बेत

“मूठभर म्हणजे नेमका किती, आई?” सुनेनं चिरलेला कांदा ताटलीत धरूनच विचारलं.

“मुठीत मावेल तितका,” मुकादमीण म्हणाली.

सून औषधाच्या दुकानात कामाला होती, त्यामुळे तिला सगळं मोजून लागायचं. तेल मोजून, लसूण मोजून, हसणंसुद्धा गोळीसारखं दिवसातून दोनदा. एरवी मुकादमिणीनं तिला एव्हाना स्वयंपाकघराबाहेर काढलं असतं. आज बोलायची चोरी होती, उघड हाकललं तर संशय आला असता. आज तिला एक काम उरकायचं होतं, आणि ते सुनेच्या डोळ्यांदेखत होण्यासारखं नव्हतं.

मुकादमीण हे तिचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तिच्या गल्लीत नळापासून भांडणापर्यंत सगळं तिच्या शब्दावर चालायचं, म्हणून पडलेलं. तिथं तिचं दोन खोल्यांचं घर होतं, हाताच्या सवयीची शेगडी होती, संध्याकाळी उंबऱ्यावर येऊन जगाची उणीदुणी काढणारी शिंपीण होती. चार दिवस राहते म्हणून ती मुलाकडे आली आणि उन्हाळ्याचा हिवाळा झाला. निघायचं म्हटलं की मुलगा पास्त्याचं पाकीट पुढे करायचा. तुझ्या हातचा खिम्याचा सॉस खाल्ल्यावर दुसरं काही घशाखाली उतरत नाही, आता कुठं जायचं नाही, हे ठरलेलं पालुपद.

आणि काल त्यानं सांगितलं, गल्लीतल्या घराला गिऱ्हाईक मिळालंय, दोन दिवसांत होकार कळवतो. कागद त्याच्याच नावावर होते. ती नको म्हणाली, तर तो हसला. लाडानं हसला, हेच वाईट. भांडणाऱ्याशी भांडता येतं, लाड करणाऱ्याचं काय करणार?

तिनं पुष्कळ डोकं चालवलं. सगळं अडलं होतं ते या हाताच्या चवीवर. चव गेली की पोरगं आपणहून गाडीत बसवून देईल.

तर आता खिमा पातेल्यात पडला होता. तो पसरून ठेवायचा, त्याचं पाणी आटू द्यायचं, बुडाला तांबूस खरपूस लागला की मग टोमॅटो घालायचा. पास्ता उकडेपर्यंत सॉस तयार. इतकं सोपं काम, पण काचेची शेगडी मध्येच टुंई करून बंद पडली.

“हिला शेगडी म्हणायचं? आरसा आहे नुसता. तोंड बघा आणि उपाशी झोपा.”

सुनेनं बोट लावलं, शेगडी निमूट चालू झाली. मुकादमिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं सुनेला खालून टोमॅटो आणायला सांगितलं, तर टोमॅटो घरातच निघाले, पत्र्याच्या डब्यातले. दोरीवरचे कपडे काढायला सांगितलं, तर या घरात दोरीच नव्हती, कपडे यंत्रात वाळायचे. देवानं सोय दिली ती लोकांना घरात चिकटून बसायला.

शेवटी सुनेच्या आईचा फोन आला. विहिणीचं भलं व्हावं असं मुकादमिणीच्या मनात आयुष्यात पहिल्यांदा आलं.

सून गॅलरीत गेली. मुकादमिणीनं मिठाचा डबा उघडला आणि तिचा हात थबकला. या हाताला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. नवरा हयातभर कशावरही कुरकुरला, पण ताटावर नाही. लग्नकार्यात आचारी तिला बोलावून मीठ बघायला लावायचे. तिनं डोळे मिटले आणि एक मूठ टाकली. मग दुसरी. पास्त्याच्या पाण्यालाही सोडलं नाही.

सून परत आली आणि आल्या आल्या तिनं सॉसमध्ये चमचा बुडवला. तोंडात घातला आणि लगेच खाली ठेवला.

“आई, मीठ जरा पुढे गेलंय का?”

“तुझी जीभ मागे राहिली असेल.”

साखर घालू का, बटाटा सोडू का, दूध ओतू का, सून विचारत राहिली. मुकादमीण पातेल्यापुढे अशी उभी राहिली की वारा जाईना. मुलगा आला, तेव्हा त्याचं ताट तिनं स्वतः वाढलं, सॉस वरून आणखी दोन डाव.

मुलानं पहिला घास घेतला आणि थांबला. पाणी प्यायला. दुसरा घास घेतला. मग मान खाली घालून सगळं संपवलं, पावानं ताट पुसलं आणि छान झालंय म्हणाला.

मुकादमिणीनं कपाळाला हात लावला. इतका खारटपणा बैलानंसुद्धा सोडला असता, आणि हा शहाणा छान म्हणतो. आता लाज गुंडाळून स्वतःच बोलणं भाग होतं.

“खोटं बोलू नकोस. खारट झालाय. माझ्या हाताची चव गेली आता, काही लक्षातच राहत नाही.”

मुलानं काटा खाली ठेवला. बायकोकडे पाहिलं, बायकोनं नजर खाली वळवली. मग तो फोन घेऊन खिडकीपाशी गेला आणि हळू आवाजात बोलू लागला. मुकादमिणीला एवढंच ऐकू आलं की उद्यावर ढकलायला नको, आत्ताच पक्कं करा. गाडीचंच तिकीट असणार. तिनं मनातल्या मनात पेटी भरायला घेतली. शिंपिणीला आधी कळवावं की एकदम दारात जाऊन उभं राहावं, तेवढंच ठरायचं होतं.

मुलगा परत आला. तिच्या शेजारी बसून त्यानं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याचे डोळे भरून आले होते.

“गिऱ्हाइकाला होकार कळवला, आई. या अवस्थेत तुला एकटीला ठेवायची माझी छाती नाही. आणि उद्यापासून तू शेगडीला हातसुद्धा लावायचा नाहीस, स्वयंपाक तुझी सून करेल.”