वाळीतलं घर

"काय रे रघुवीर, आज तरी काही सापडलं?" चाळीतल्या कोंडीरामने लॅबच्या दारातूनच विचारलं. गिरणीतली पाळी संपवून तो तसाच आला होता. केसांत अजून कापूस होता.

रघुवीर परब यंत्रावर वाकला होता. केसाएवढ्या भोकाच्या काचेच्या नळीतून पाऱ्याचा थेंब फुगत होता आणि चाळीच्या नळाच्या पाण्यात टपकत होता. थेंबातून वीज जात होती. पाण्यात शिसं असो, जस्त असो, तांबं असो, ज्याची त्याची पायरी शेजारच्या कागदावरच्या रेघेत उमटायलाच हवी. दहा लाख भागांत एक भाग असला तरी! पण कागदावरची रेघ सरळच्या सरळ गेली होती.

"स्वच्छ आहे, दादा. आठव्यांदा बघितलं."

"स्वच्छ? मग माझा नातू गेला तो काय दृष्ट लागून?"

रघुवीरची स्वतःची मुलगी छबू चार वर्षांची. दोन महिन्यांपासून तिच्या हातात दुधाचा पेला ठरत नव्हता. तळवे लाल होऊन सालपटं निघत होती, हिरड्या सुजल्या होत्या, रात्रभर पोर रडायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "हे धातूचं विष दिसतंय. कुठला धातू, येतो कुठून, ते तू शोध. नाहीतर ही पोरगी पावसाळा बघणार नाही."

परळच्या त्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर सहा बिऱ्हाडं. त्यांतल्या पाच घरांत पोरं अशीच झुरत होती. माळ्याला नळ एकच, तेव्हा संशय पाण्यावर जाणार हे उघड होतं. आणि तपासायला घरचाच माणूस होता. रघुवीर लॅबमध्ये नोकरीला, पण मिजास म्हणून नाही. लोणच्याला बरणी हवी, स्टोव्हला स्पिरिट हवं, कुणीही मागावं आणि त्याने आणून द्यावं. सगळा माळा त्याच्यावर जीव टाकायचा.

सहावं घर रामदासचं. त्याची दोन्ही पोरं टुणटुणीत. संयुक्त महाराष्ट्रासाठी अख्खी मुंबई हरताळावर असताना हा गृहस्थ, साहेबाला शब्द दिलाय म्हणे, डबा घेऊन कामावर गेला होता. तेव्हापासून माळ्याने त्याला वाळीत टाकलं होतं. बोलणं बंद, हळदीकुंकू बंद, विरजणसुद्धा कुणी द्यायचं नाही. रघुवीरनेही ते कटाक्षाने पाळलं.

त्या संध्याकाळी गॅलरीत सगळे जमले. बायका आजारी पोरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"तू शिकलेला माणूस," कोंडीराम म्हणाला. "आता तूच सांग."

रघुवीरला गप्प बसता आलं असतं. पण आठ सरळ रेघांपुढे त्याने हात टेकले होते, आणि समोर छबू आईच्या पदरात थरथरत होती.

"आमच्या शास्त्रात एक पद्धत आहे," तो म्हणाला. "पाच जणांचं बिघडलं आणि एकाचं नाही, तर त्या एकाचं काय वेगळं आहे ते बघायचं. जिथे फरक, तिथे कारण."

सगळ्यांच्या माना सहाव्या दाराकडे वळल्या.

"पण पाणी तर स्वच्छ निघालं ना?" त्याची बायको कौसल्या हळूच म्हणाली.

"निघणारच! तपासणी चाललीय हे कळल्यावर कोण कशाला टाकतोय विष?" कोंडीराम उसळला.

रघुवीरला ते पटलं नव्हतं, पण पटावं असं फार वाटत होतं.

रामदासला त्यांनी जेवणावरून ओढून काढलं. "अरे, माझी पोरं पण त्याच नळाचं पितात रे!" तो ओरडत राहिला. तेच तर त्याने बोलायला नको होतं. कोंडीरामने पहिली थोबाडीत दिली, मग कुणी मोजलं नाही. रामदासचा हात मोडला तेव्हा कुठे थांबले. सकाळी खोली सोडायची, असं ठरलं. रघुवीरने हात लावला नाही, पण कुणाला अडवलंही नाही.

सकाळी रामदास गळ्यात हात बांधून ट्रंक ओढत जिना उतरला. मागोमाग पोरं उड्या मारत गेली. रघुवीर आपल्या दारात उभा होता. आता छबू वाचेल, या आशेने किती दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला. आत कौसल्या पेज निववत होती. डॉक्टरांनी बाकी सगळं बंद करून पोरीला नुसत्या पेजेवर ठेवलं होतं, दिवसातून तीन वेळा.

सगळ्यात शेवटी रामदासची बायको राधा निघाली. काखेत तांदळाची पिशवी होती. दारातच पिशवीची शिवण उसवली आणि तांदूळ गॅलरीभर सांडला. त्यातून काळे पोरकिडे सैरावैरा पळू लागले. बायकांनी नाकाला पदर लावले. एक जण फिदकन हसलीसुद्धा.

राधा वेचायला वाकली नाही. तिने सरळ रघुवीरच्या डोळ्यांत बघितलं.

"हसा, हसा. पोरकिडे आमच्याच तांदळात व्हायचे. तुम्ही लॅबमधला पारा आणून सगळ्या माळ्याला वाटलात, भावजी, किडे लागू नयेत म्हणून तांदळाच्या डब्यात घालायला. आमचंच तेवढं दार वगळलंत."