अंझेरियातु

"अंझेरियातु," तोफ पुन्हा बोलली. म्हणजे, पक्षी बघ.

इटलीतल्या उंब्रिया प्रांतातल्या प्राचीन पुजाऱ्यांचं हे क्रियापद तिसऱ्या महायुद्धानंतर प्रत्येक तोफेच्या कुलपात बसवलं होतं. माणसाने शांत बसून आभाळातून पक्षी जाताना पाहिल्याशिवाय तोफ उडत नसे. मध्येच कुणी आवाज केला, की सगळं पहिल्यापासून.

कॅप्टन धुमाळ नदीवरच्या बगळ्यांवर नजर लावून बसला. पलीकडच्या काठावर एक गाव होड्यांत बसून पळत होतं. त्याच गावातली, तोफेजवळच्या खांबाला बांधलेली सुगंधा पुन्हा किंचाळली.

"थोबाड फोडा हिचं!"

जवानाने बंदुकीचा दस्ता हाणला. तिचे दात पडले. तोंडात बोळा कोंबला, तर ती लोखंडी खांबावर डोकं आपटू लागली. रक्त डोळ्यांत उतरलं, तरी थांबेना.

"अंझेरियातु."

"साहेब, हिला लांब नेऊन बांधतो," जवान म्हणाला.

"कशाला? आत्ताच गप्प करतो." धुमाळने पिस्तूल काढून तिच्या कपाळात गोळी घातली.

तो आवाज दरीभर घुमला. नदीवरचे सगळे बगळे एकदम उठले आणि डोंगराआड गेले.

"अंझेरियातु," तोफ म्हणाली.

धुमाळ रिकाम्या आभाळाकडे बघत बसला. पलीकडची शेवटची होडी वळणाआड गेली.