घट्ट दाणे
“धागा कधी आवळायचा न्हाई गं, पल्लू. दाणा कसा लाहीवानी फुगू दे,” असं अक्का विणता विणता म्हणायची, तेव्हा पल्लवीनं क्रोशाची सुई कधी हातात धरली नव्हती. आता धरली होती. पाच खांब, म्हणजे उभे टाके, एकाच घरात घालायचे, सुई काढून पहिल्या खांबात खुपसायची आणि सुटलेला धागा त्यातून ओढून घ्यायचा, की दाणा वर येतो. मोबाईलवर बघून बघून आज कुठं जमलं होतं. अक्कानं लग्नाआधी विणायला घेतलेलं तोरण तिच्या साड्यांबरोबर सासरहून अर्धंच परत आलं होतं. विहिरीत पाय घसरून ती गेली, त्याला वर्ष झालं. तेच तोरण पुरं करून पल्लवीच्या रुखवतात मांडायचं होतं; परवा तिची हळद, आणि नवरदेव तिचे दाजीच, अक्काचे मालक. माहेरी विणलेल्या ओळींतले दाणे टपोरे होते. सासरच्या ओळींत ते बारीक होत गेले, शेवटच्या ओळीत तर खड्यासारखे घट्ट. आपलाच हात ढिला आहे असं वाटून पल्लवीनं धागा बोटाला करकचून आवळला. “बघ आई, आता अक्कासारखं झालं.” आईनं तो दाणा चाचपला आणि तिच्या हातातली सुई काढून घेतली. “ऱ्हाऊ दे. तू त्या घरात जायाचं न्हाई. तिचा पाय घसरला न्हवता, पोरी. आदल्या दिशी फोन आला हुता, ‘आई, मला न्ह्यायला ये.’ मीच म्हनलं, दिवाळीपतोर कळ काढ.”