चेंडू सरकला नाही

साहेबांचा बूट चेंडूला लागला आणि पंच होता तिथेच थबकला.

गोल्फच्या सामन्याचा शेवटचा होल, आणि खेळ बरोबरीत. साहेबांचा चेंडू होलवरच्या झेंड्याच्या अलीकडे उंच गवतात पडला होता. फटक्याचा अंदाज घेताना साहेबांचं एक पाऊल पुढे पडलं, बुटाचं टोक लागलं आणि चेंडू बोटभर सरकला. त्याच्याखाली दबलेलं गवताचं पातं सावकाश वर आलं. पंच दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने ते पातं वर येताना पाहिलं.

यात डोकं खाजवण्यासारखं काही नव्हतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी पंचाने नियम सांगितला असता. चेंडू शोधताना पाय लागला तर दंड नाही. झेंड्याजवळच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर चुकून लागला तरी नाही. पण समोर दिसणारा चेंडू इथे गवतात पायाने सरकवला, की एक फटका दंड. चुकून असो की मुद्दाम. पळवाट एकच. चेंडू नुसता डुलला आणि होता तिथेच परत बसला, तर तो हललाच नाही असं धरतात.

ज्याचे फटके कमी तो जिंकतो; एक फटका वाढला की साहेब हरणार, आणि साहेबांना हरवणं म्हणजे वाघाच्या मिशीला हात लावणं. आधीच्या पंचाने याच मैदानावर त्यांना दंड दिला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीला कुलूप. तो कुठे गेला हे कुणी विचारलं नाही. विचारणार कोण? गोदामं साहेबांची, ट्रक साहेबांचे, आणि चौकीतला फौजदारसुद्धा साहेब दिसले की खुर्ची सोडून उभा राहायचा.

सकाळी निघताना बायकोने पंचाची बाही धरली होती.

"संध्याकाळी धड घरी या. मला बाकी काही नको."

"अगं, खेळ आहे नुसता."

"तुमच्यासाठी खेळ. त्यांच्यासाठी नाही."

"काय झालं हो तिकडे?" आता पलीकडून दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. साहेबांशी खेळायला तयार होणारे ते एकटेच. साहेबांची कवळी माझ्या हातात आहे, मला कसली भीती, असं ते चारचौघांत हसत सांगायचे. आज हसत नव्हते.

साहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलंही नाही. ते पंचाकडे बघत होते.

"पंच, चेंडू हलला का?"

आवाज अगदी मऊ. इतक्या वर्षांत पंचाच्या शब्दावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. घरात पैसा नव्हता, पण हे एक होतं. दंड म्हणायला त्याने तोंड उघडलंही. मग ते कुलूप आठवलं.

"डुलला, साहेब. सरकला नाही."

"नक्की?"

"जागच्या जागी बसला परत."

"तुम्ही बघत होतात ना?"

"नजर चेंडूवरच होती, साहेब."

डॉक्टर जवळ आले. चेंडूकडे बघितलं, उभ्या राहिलेल्या पात्याकडे बघितलं, मग पंचाकडे. "पंच म्हणतील ते," एवढंच बोलून ते चष्मा पुसत बाजूला झाले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

साहेब जिंकले. चार टाळ्या पडल्या. शिर सलामत तर पगडी पचास, असं पंच मनाशी घोकत राहिला, पण ते काही गळ्याखाली उतरेना. लाज वाटत होती. तरी धडधाकट घरी जायचं होतं, आणि ते आता जमल्यासारखं वाटत होतं.

फाटकाशी ड्रायव्हरने त्याला गाठलं. "साहेब बोलावतायत. क्लबच्या मागच्या खोलीत."

पंचाची पाचावर धारण बसली.

खोलीत साहेब एकटेच, स्टुलावर बसून बुटाचा चिखल फडक्याने काढत होते. "दार लावून घ्या," ते म्हणाले. "बसा. घाम पुसा."

पंच बसला.

"चेंडू बोटभर सरकला होता. मीच सरकवला, मुद्दाम."

"साहेब, माझं चुकलं. मी घाबरलो..."

"चुकलं कुठे? आधीच्या पंचालाही मी हाच प्रश्न विचारला होता. त्याने डोळ्याला डोळा भिडवून दंड लावला."

"त्याचं... काय केलंत?"

"मी कशाला काय करू? त्याच्या मुलाने नेलं त्याला राहायला. नातवंडं खेळवतोय, मजेत आहे." साहेबांनी बूट खाली ठेवला. "लोकांना वाटतं मी त्याला गिळला. वाटू दे. तसला माणूस माझ्या काय कामाचा?"

पंचाला क्षणभर हायसं वाटलं. मग ते वाटणं कुठेतरी अडकलं.

"मला तुमच्यासारखा हवा होता," साहेब म्हणाले. "ज्याच्या शब्दावर सगळं गाव विश्वास ठेवतं आणि जो दोन हातांवरून बघूनही बघत नाही. उद्या फौजदार एका बेपत्ता माणसाच्या चौकशीला येईल. तो फक्त तुम्हालाच विचारणार आहे."

त्यांनी मागचं दार उघडलं. गाडी भिंतीला खेटून उभी होती. ड्रायव्हर पाठ फिरवून विडी ओढत होता. साहेबांनी पंचाच्या ओल्या तळहातावर किल्ली ठेवली आणि त्याची बोटं हळूच मिटली.

"डिकी उघडा, पंच. आत कोण आहे, ते तुम्ही पाहिलेलं नाही."