भासऱ्याचं नाव

खोड हललं, तसा सत्यभामेचा हात फुलांवरच थांबला.

मोहाची फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा घरच्यांनी आठवड्यापूर्वीच जाळून टाकला होता. जमीन काळीभोर झाली होती. तिच्यावर पिवळसर फुलं, आणि पलीकडे ते अर्धवट जळालेलं खोड. आता ते खोड फुलं खात होतं.

अस्वल! मागच्याच साली अड्याळच्या श्रावणचा अर्धा चेहरा अस्वलानं ओरबाडून नेला होता.

आणि अस्वलाकडे पाठ करून, लग्नातला टेरिकॉटचा सदरा घातलेला टिकाराम खुशाल फुलं वेचत होता. तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ, म्हणजे तिचा भासरा. मध्ये चार बैल मावतील एवढंच अंतर.

भासऱ्याशी बोलायचं नाही, त्याच्यासमोर पदर ढळू द्यायचा नाही, त्याचं नाव तर मनातही घ्यायचं नाही. सासू कुंताबाईनं हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ती नेमकी नाल्यापलीकडच्या झाडाखाली गेलेली.

घरात तो वाटेत असला, की सत्यभामा बांगड्या वाजवायची. आताही तिनं तेच केलं.

टिकारामानं ऐकलं. भावजय जातेय म्हणून मान खाली घालून, वाट देत, तो दोन पावलं मागं सरला. थेट अस्वलाकडे.

तिनं जिवाच्या आकांतानं बांगड्या वाजवल्या. तो भला माणूस आणखी मागं सरला.

अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं.

"टिकाराम! मांगं अस्वल!"

आवाज आपला आहे हेही तिला कळलं नाही. टिकाराम टोपली टाकून तिच्याकडे धावला. अस्वल एकदा फुस्कारलं, खाली उतरलं आणि झुडपं मोडत रानात घुसलं. दोघं समोरासमोर उभी राहिली. मग भान येऊन टिकारामानं तोंड फिरवलं.

कुंताबाई काठी घेऊन धापा टाकत आली. सुनेचं उघडं डोकं तिनं आधी पाहिलं.

"कोन बोंबललं वो? माह्या पोराचं नाव घेऊन कोन बोंबललं?"

सत्यभामेनं पदर डोक्यावर ओढला. अस्वल निदान रानात तरी गेलं. ही तर घरीच येणार होती.

"मीच बोंबललो, माय," टिकाराम झाडाकडे बघत म्हणाला. "अस्वल होतं."

"सोताचंच नाव घेऊन?"

"हो." तो सांडलेल्या टोपलीकडे निघाला. "अन् उद्या आलं, तं उद्याबी घेईन."