मागची रांग

प्रोफेसर बॉइडची नजर पहिल्या रांगेवरून निघाली, दुसरी चाळून झाली, तिसरी चाळून झाली आणि मागच्या रांगेपाशी येऊन अलगद वळली. ओल्या फरशीला माणसं वळसा घालतात ना, तशी. कॉरिन पाव्लकने पेन खाली ठेवलं. आजही नाही.

बफेलोच्या या लॉ कॉलेजात बॉइडबाईंच्या तासाला पोरं चळाचळा कापायची. हात वर करणाऱ्याला बाई विचारतच नसत. जो मान खाली घालेल त्याचं नाव पुकारायच्या, आणि खटल्याची सालं काढता काढता त्याचीही काढायच्या. सव्वा महिन्यात अख्खा वर्ग सोलून निघाला होता. एकटी कॉरिन शाबूत होती.

का, ते तिला पक्कं ठाऊक होतं. दया.

खरं तर ती कुठूनच आजारी दिसत नव्हती. विग झकास होता. भुवया ती रोज सकाळी पेन्सिलने काढायची, आणि खऱ्यांपेक्षा बऱ्या निघायच्या. केमोसाठी छातीत बसवलेलं पोर्ट बंद गळ्याच्या स्वेटरखाली गुपचूप असायचं. बसायची मागे, दाराला लागून. पोट ढवळलं तर धूम ठोकता यायला हवी. कॉलेज सुरू झालं त्या दिवशी ती हॉस्पिटलच्या खुर्चीत नळी लावून पडली होती, पण ते डीनशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

"एक वर्ष थांबा की," डीन म्हणाले होते.

"सगळ्यांसारखं वागवणार असाल तर आत्ता येते. नाहीतर येतच नाही."

कुणाला सांगणार नाही, असा डीननी शब्द दिला होता. मग फुटलं कुठून?

फुटलं होतं हे नक्की. मागच्या रांगेत अधूनमधून उगवणारा टायरेल, रात्रभर कुठेतरी नाचून आल्यासारखा, तिच्याकडे बघून कुजबुजला होता, "काय गं, तुझं रोजचंच झालं की. झेपतंय ना?" समोरच्या रांगेतली मॅडलिन तर जवळ येऊन हळूच म्हणाली होती, "माझ्या नोट्स घेत जा. लाजायचं काय त्यात, होतं असं कुणाकुणाचं."

"माझ्या मला आहेत," कॉरिन म्हणाली आणि चालती झाली. त्या दिवसापासून ती वर्गात कुणाच्या वाऱ्याला उभी राहिली नाही.

संशय फिरत फिरत शेवटी घरी आला आणि आईवर जाऊन बसला.

"तू कॉलेजात फोन केलास ना?"

"मी कशाला करू?" आई कढईतल्या पिरोगीच्या पोलिश करंज्या उलटत म्हणाली.

"आई, तू पोस्टमनला माझ्या पांढऱ्या पेशींचा आकडा सांगितलास."

"त्यानं विचारलं होतं. काळजी करतो बिचारा."

कॉरिनने ताट तसंच सरकवलं आणि खोलीत जाऊन पडली. दुसऱ्या दिवशी आईशी चकार शब्द बोलली नाही. तिला वकील व्हायचं होतं. खोटी नाही, सवलतीतली नाही, खणखणीत वकील. दयेवर पास व्हायचं तर आजारी माणूस म्हणून घरी सोफ्यावर लोळलेलं काय वाईट? निदान तिथे ब्लँकेट तरी मिळतं.

म्हणून सोमवारचा तास संपल्यावर ती तडक बाईंच्या टेबलापाशी गेली. इथून डीनच्या ऑफिसात जायचं आणि नाव काढून घ्यायचं, हे ठरलेलंच होतं.

"मला प्रश्न का नाही विचारत तुम्ही?"

बॉइडबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही मिस पाव्लक. माझ्या वर्गात जो वाचून आला नसेल त्यानं मागच्या रांगेत बसायचं, म्हणजे मी त्याला विचारत नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी. बाकीचे महिन्यातून एकदा बसतात. तुम्ही रोज इमानेइतबारे बसता. मी तरी काय विचारणार?"

पहिला दिवस. हॉस्पिटलची खुर्ची. नळी.

"डीन तुम्हाला काही बोलले नाहीत? माझ्याबद्दल?"

"नाही. काही बोलायला हवं होतं?"

"काहीच नाही," कॉरिन घाईघाईने म्हणाली. "म्हणजे तुम्हाला वाटतं, मी..."

"आळशी. माझ्या वीस वर्षांत एवढी आळशी मुलगी पाहिली नाही. प्रामाणिक आहात, तेवढं मानलं."

कॉरिनच्या गालांवर लाली चढली. उन्हाळ्यापासून तिथे रंग कसला तो नव्हता.

"माझी जागा कुठली, बाई?"

"तिसरी रांग, अगदी मधली खुर्ची. रिकामीच असते."

दोन्हीकडे आठ-आठ जण. ओकारी आली तर साऱ्यांचे गुडघे ओलांडत पळायचं. कॉरिनने त्या खुर्चीकडे नीट बघून घेतलं.

"बुधवारी मी तिथे बसेन."

"तर पहिला प्रश्न तुम्हाला. आणि मी एकदा सुरू झाले की थांबत नाही."

"नका थांबू," कॉरिन म्हणाली.

डीनचं ऑफिस डावीकडे होतं. ती उजवीकडे वळली आणि जिन्यातच तिनं फोन लावला.

"आई," ती म्हणाली, आणि तिला हसूच आवरेना. "अगं, इथे सगळ्यांना वाटतं मी आळशी आहे."

"कोण म्हणतं असं?" आई तिकडे कडाडली. "थांब, आत्ता फोन करते कॉलेजात."